संत्र्याच्या रंगावर पांढरी अक्षरं का हरवतात?

विदर्भातल्या वरुड-मोर्शी या संत्र्यांच्या भागातल्या शेतकरी उत्पादक कंपनीसाठी वेब ॲप करायला घेतलं, की बटणांचा रंग जवळपास ठरलेलाच असतो: संत्र्याचा. त्यावर पांढऱ्या अक्षरांत ‘आजचा भाव’. ऑफिसातल्या स्क्रीनवर ते देखणं दिसतं. मात्र संत्र्याच्या मृग बहाराची तोड चालू असताना, भर दुपारी शेताच्या धुऱ्यावर उभं राहून तेच पान उघडलं की शेतकरी म्हणतो, “काईच दिसून नाई राहिलं.” खापर मोबाइलवर फुटतं. खरा दोष रंगांच्या जोडीत आहे, आणि तो आधीच मोजता येतो.

वेबसाइट सर्वांना वापरता याव्यात म्हणून डब्ल्यूसीएजी नावाची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. त्यांत प्रत्येक रंगाची तेजस्विता ० (काळा) ते १ (पांढरा) या मापात काढतात. तिच्यात हिरव्याचा वाटा सुमारे ७२ टक्के, लालचा २१ आणि निळ्याचा जेमतेम ७, कारण आपल्या डोळ्यांना हिरवा प्रकाश सर्वांत उजळ भासतो. मग उजळ रंगाच्या तेजस्वितेत ०.०५ मिळवायचे, गडद रंगाच्या तेजस्वितेतही तेवढेच मिळवायचे आणि भागाकार करायचा. नेहमीच्या आकाराच्या मजकुराला उत्तर किमान ४.५ यावं लागतं. पांढऱ्यावर काळं लिहिलं तर ते २१ येतं. वेब पानांचं रूप ठरवणाऱ्या सीएसएस या भाषेतल्या ‘ऑरेंज’ रंगाची तेजस्विता ०.४८ आहे. त्यावर पांढरी अक्षरं घेतली तर उत्तर जेमतेम २, काळी घेतली तर १०.६!

यातला ०.०५ हा आकडा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. स्क्रीनवर बाहेरून पडून परतणाऱ्या प्रकाशाचा तो अंदाज आहे, पण खोलीतल्या प्रकाशाचा. विदर्भाच्या उन्हाचा नव्हे. परतणारा प्रकाश स्क्रीनच्या स्वतःच्या पांढऱ्याइतकाच झाला असं धरा, म्हणजे ०.०५ च्या जागी १ ठेवा. काळ्या-पांढऱ्याचे २१ घसरून २ वर येतात, आणि संत्री-पांढऱ्याचे २ उरतात फक्त १.३५. अक्षरं पार्श्वभूमीत विरघळतात ती अशी.

फ्रेमवर्कसोबत, म्हणजे ॲप बांधायच्या तयार सांगाड्यासोबत, येणाऱ्या तयार थीम (रंगरूपाचे संच) इथे कामाच्या ठरतात. वादिन या फिनलंडच्या फ्रेमवर्कमधली लुमो थीम घ्या. तिच्यात रंग प्रत्येक बटणावर वेगवेगळा लिहिलेला नसतो. मुख्य रंगाला एक नाव (व्हेरिएबल) दिलेलं असतं आणि सगळे घटक त्या नावाकडून रंग घेतात. एका ठिकाणी बदल केला की पूर्ण ॲप बदलतं. घाईत नेमकं हेच होतं: मुख्य रंग संत्री केला जातो आणि त्यावरची अक्षरं पांढरीच राहतात. लुमोच्या दस्तऐवजात मुख्य रंगाच्या जोडीला, त्यावर लिहायच्या अक्षरांच्या रंगाचं वेगळं व्हेरिएबल दिलेलं आहे. तेही बदलून काळं करायचं, एवढंच काम. पण दस्तऐवजाचं ते पान उघडावं लागतं, आणि आपल्याकडे ते क्वचितच उघडलं जातं, याची मला खरोखर खंत वाटते.

लुमोला उजळ आणि गडद अशी दोन रूपं आहेत. सूत्राच्या हिशेबात काळ्यावर पांढरं आणि पांढऱ्यावर काळं सारखंच. उन्हात मात्र गडद स्क्रीनवर आभाळ आणि आपलाच चेहरा ठळक दिसतो, म्हणून दिवसा उजळ रूपच बरं. कृषिपंपाची लाइन रात्रीची असली, की अंधारात मोटर सुरू करायला निघालेल्याच्या डोळ्यांना गडद रूप सोसतं. म्हणून दोन्ही ठेवावीत.

आणखी एक गोष्ट दस्तऐवजातल्या नमुन्यांवरून कळत नाही, कारण ते रोमन अक्षरांत आहेत. ओळींमधलं अंतर इंग्रजीला पुरतं तेवढंच ठेवलं, तर वरच्या ओळीतल्या ‘मृग’चा ऋकार खालच्या ओळीतल्या ‘मोर्शी’च्या रफारावर टेकू शकतो. या अंतरासाठीही लुमोत व्हेरिएबल आहेत. रंग ठरवतानाच तेही थोडं वाढवून, पडताळणीसाठी ‘मृग’ आणि ‘मोर्शी’ एकाखाली एक लिहून पाहावं.