कीडरोधक वाणांची पार्श्वभूमी: गमावलेल्या गुणांचा शोध

रानातल्या झाडावर औषध फवारायला कोणी येत नाही. पानावरची लव, कडू रस, टणक खोड यांच्या जोरावरच ते टिकतं. माणसाने हजारो वर्षं गोड फळ, मोठा दाणा आणि जास्त उतारा पाहून बी राखलं, आणि त्यात हे गुण बरेचदा नकळत गळून गेले. कीडरोधक वाणांचा इतिहास बऱ्याच अंशी ते परत मिळवण्याचा आहे.

1860च्या दशकात अमेरिकेतून आलेल्या फायलोक्सेरा या किडीने फ्रान्समधल्या द्राक्षवेलींची मुळं पोखरली. इलाजही अमेरिकेतच सापडला. तिथल्या रानवेली या किडीच्या सोबतीनेच वाढलेल्या, त्यामुळे त्यांची मुळं तग धरत. त्यांच्या खुंटांवर फ्रेंच वाणांची कलमं बांधली गेली. जगातल्या बहुतेक द्राक्षबागा आजही अशाच खुंटांवर उभ्या आहेत.

कॅन्ससचे कीटकशास्त्रज्ञ रेजिनाल्ड पेंटर यांनी 1951 मध्ये प्रतिकाराचे तीन प्रकार मांडले: किडीला झाड नकोसं होणं, खाल्लं तर तिची वाढ खुंटणं, आणि नुकसान सोसूनही झाडाने उत्पन्न देणं. नेमकी तेव्हा डीडीटी या कीटकनाशकाची चलती होती. पैदाशीचं संथ काम मागे पडलं, हे दुर्दैवच.

फिलिपिन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने 1973 मध्ये तपकिरी तुडतुड्याला दाद न देणारा आयआर 26 हा वाण दिला. त्याचा प्रतिकार एकाच मुख्य जनुकावर उभा होता. दोन-तीन वर्षांतच त्याला पचवणारे तुडतुडे शेतात वाढले, आणि 1976 मध्ये वेगळं जनुक असलेला आयआर 36 आणावा लागला. एका जनुकावर विसंबू नये, हे तेव्हा महागात शिकायला मिळालं.

मला सर्वांत विलक्षण वाटतो तो मका. मुळं कुरतडणाऱ्या अळीने हल्ला केला की काही वाणांची मुळं कॅरिओफिलीन नावाचा गंध सोडतात. तो हुंगत जमिनीतले सूत्रकृमी, म्हणजे दोऱ्यासारखे बारीक कृमी, येतात आणि अळीला मारतात. उत्तर अमेरिकेतल्या बहुतेक वाणांनी ही हाक गमावली आहे, असं 2005 मध्ये दिसून आलं. पुढे ओरेगॅनोतलं जनुक घालून ती परत मिळवली, तेव्हा शेतातल्या चाचणीत मुळांचं नुकसान बरंच घटलं. मात्र ही झाडं अळी नसतानाही सतत गंध सोडत राहिली. त्याचा फटका त्यांच्या उगवणीला, वाढीला आणि उताऱ्याला बसला.