मोठी टूरिंग क्रूझर घेण्याआधी ढकलून बघा: आमच्या ग्राहकांसाठी माहिती

आमच्या गॅरेजात दर महिन्याला कुणी ना कुणी विचारायला येतं, "लांब फिरायला मोठी क्रूझर घ्यायची आहे, घेऊ का?" काहींनी ती शोरूममध्ये बसून पाहिलेली असते, काहींनी मित्राची पहाटे मरीन ड्राइव्हवर एक फेरी मारलेली असते. आम्ही त्यांना आधी गाडी ढकलायला लावतो. इंजिन बंद, गाडी न्यूट्रलमध्ये, दहा पावलं पुढे आणि दहा मागे. या गाडीत जे जे सुखाचं आहे आणि जे जे अवघड आहे, ते जवळजवळ सगळं तिच्या वजनातून येतं. आणि वजन कळतं ते गाडी उभी असताना.

टूरिंग क्रूझर म्हणजे हार्लीची रोड किंग किंवा स्ट्रीट ग्लाइड, इंडियन या अमेरिकन कंपनीची चीफटन, होंडाची गोल्ड विंग या जातीच्या गाड्या. इंजिन १७०० ते १८०० सीसीच्या आसपास किंवा त्याहून मोठं, आणि पेट्रोल-तेल भरून वजन साडेतीनशे ते चारशे किलोच्या घरात. आपली रॉयल एनफील्डची क्लासिक ३५० भरते १९५ किलो. म्हणजे दोन क्लासिक एकत्र बांधून सोसायटीच्या फाटकातून बाहेर काढायच्या, असा हिशोब धरा.

तरीही लोक ती घेतात आणि वर्षानुवर्षं सांभाळतात, त्याला कारण आहे. कसारा घाट चढून इगतपुरी ओलांडली, रस्ता मोकळा झाला, की हेच वजन तुमच्या बाजूने उभं राहतं. समोरून ट्रक वाऱ्यासारखा गेला तरी हँडल हलत नाही. ताशी नव्वदला इंजिन आरामात फिरत असतं, ओव्हरटेक करायला गियर उतरवावा लागत नाही. हार्लीच्या १०७ क्युबिक इंचाच्या (साधारण १७५० सीसी) इंजिनाचा टॉर्क, म्हणजे चाक फिरवायचा जोर, साधारण १५० न्यूटन-मीटर आहे. रॉयल एनफील्डच्या सुपर मीटिओर ६५० चा ५२. हा फरक मागे माणूस आणि सामानाच्या दोन्ही पेट्या भरून घाट चढताना कळतो. मागच्या सीटवर बसणाऱ्याला तर याहून सुखाची मोटरसायकल नाही. नवराबायको मिळून नाशिक, छत्रपती संभाजीनगर, पुढे हैदराबादपर्यंत जाऊन येतात आणि दोघांचीही पाठ शाबूत असते. आमचे बरेच ग्राहक घरच्यांच्या होकारावर ही गाडी घेतात, ते याच सीटमुळे.

घाटात मात्र एक मर्यादा लक्षात ठेवा. गाडी बुटकी असते, त्यामुळे वळणावर तीसेक अंश कलली की फुटबोर्ड, म्हणजे पाय ठेवायची फळी, रस्त्याला घासतो. तो घासला की घाबरून ब्रेक दाबू नका, वेग वळणाआधीच कमी करा. आंबोलीच्या नागमोडी वळणांवर हलक्या गाडीवाले पुढे निघून जातील. जाऊ द्या.

खड्ड्यांचं काय? इथे आम्ही स्पष्ट सांगतो. पाय पुढे पसरून बसायची ही ठेवण सपाट रस्त्यासाठी आहे. साध्या मोटरसायकलवर खड्डा आला की आपण पायांवर जोर देऊन अंग उचलतो. इथे पाय पुढे असल्याने ते जमत नाही आणि दणका सरळ माकडहाडात जातो. त्यात मागच्या शॉकअप्सची हालचाल बऱ्याच मॉडेल्समध्ये दोन-तीन इंचच असते. पावसाळ्यातल्या मुंबई-गोवा महामार्गासाठी ही गाडी घेत असाल तर आमचा सल्ला नाही असा आहे.

आता मुंबई. पहिली गोष्ट, १८०० सीसीची असली तरी ती दुचाकीच. वांद्रे-वरळी सी लिंक, कोस्टल रोड, ईस्टर्न फ्रीवे, अटल सेतू आणि पुणे एक्सप्रेसवे, सगळीकडे दुचाकीला बंदी. पुण्या-गोव्याकडे बाहेर पडायचं ते सायन-पनवेल मार्गाने, वाशीच्या पुलावरून, म्हणजे सिग्नल आणि गर्दीतून. एअर-कूल्ड व्ही-ट्विनला, म्हणजे व्ही आकारात दोन सिलिंडर असलेल्या इंजिनाला, थंड राहायला वारा लागतो, आणि मागचा सिलिंडर बरोबर मांडीखाली येतो. मे महिन्यात चेंबूरच्या सिग्नलला पाच मिनिटं उभं राहिलात की जीन्समधूनही चटका बसतो. काही मॉडेल्समध्ये गाडी उभी असताना मागचा सिलिंडर आपोआप बंद होतो. घेण्याआधी ही सोय आहे का आणि चालू आहे का ते तपासा. रोज ऑफिसला न्यायची असेल तर घेऊ नका.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. या गाड्या हायवेवर क्वचित पडतात, पडतात त्या फाटकात. मागच्या जुलैत आमच्यापैकी एकाच्या हातून पडली. सोसायटीच्या उतारावर पेव्हर ब्लॉक, त्यावर शेवाळ, हँडल डावीकडे वळलेलं. समोर एक मूल धावत आलं आणि हात आपसूक पुढच्या ब्रेकवर गेला. वेग चालण्याइतकाच होता. गाडी सावकाश कलली आणि एका हद्दीनंतर पायाला ऐकेना. ब्रेकचा लिव्हर तुटला, नवा यायला दोन आठवडे लागले. क्रॅश गार्ड होता म्हणून पाय वाचला. तेव्हापासून प्रत्येकाला सांगतो: हँडल वळलेलं असताना पुढचा ब्रेक नाही. हळू चालीत फक्त मागचा ब्रेक आणि हाफ क्लच.

पडलीच तर तिला समोरून खेचू नका, कंबर जाईल. चावी बंद करा, गाडी गियरमध्ये टाका. उजवीकडे पडली असेल तर आधी साइड स्टँड उघडा, नाहीतर उभी होता होता पलीकडे कोसळते. हँडल जमिनीच्या बाजूला पूर्ण वळवा. मग गाडीकडे पाठ करून बसा, कंबर सीटच्या कडेला टेकवा, एका हाताने खालची मूठ आणि दुसऱ्या हाताने सीटजवळची फ्रेम धरा, आणि पाठ ताठ ठेवून पायांच्या जोरावर छोटी पावलं टाकत मागे सरका. बेताच्या अंगकाठीचा माणूसही अशी गाडी उचलतो. आमच्याकडे जाड गादीवर एक जुनी गाडी आडवी ठेवलेली आहे, त्यावर सराव करून घेतो, पैसे घेत नाही. लायसन्सच्या परीक्षेत यातलं काही विचारत नाहीत. १०० सीसीवर शिकलेल्याला तेच गियरचं लायसन्स १८०० सीसीलाही चालतं.

पार्क करताना गाडीचं तोंड नेहमी चढाच्या बाजूला असू द्या. उतारावर भिंतीला नाक लावून उभी केली की ती मागे ओढणं एकट्याचं काम नाही. गोल्ड विंगला रिव्हर्स आहे, बाकीच्या बहुतेकांना नाही. उन्हाळ्यात डांबरात स्टँड रुततो, डिकीत एक लोखंडी चकती ठेवा.

जुनी गाडी बघत असाल तर टायरची नक्षी पाहून खूश होऊ नका. बाजूला चार आकडे असतात: २३१९ म्हणजे २०१९ सालातला तेविसावा आठवडा. या गाड्या कमी चालतात, त्यामुळे नक्षी शाबूत आणि रबर कडक, असं नेहमी सापडतं. तारांच्या चाकात बहुधा ट्यूब असते आणि कोकणातला पंक्चरवाला हे चाक काढणार नाही; लांब फिरणाऱ्यांनी ट्यूबलेस टायर चालणारं अलॉय चाकच घ्यावं. एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाक जाम होऊ न देणारी सोय) आहे का ते पाहा, काही जुन्या गाड्यांत नसतो. मागचं चाक फिरवणाऱ्या बेल्टच्या दातांत खडी अडकलेली नाही ना, क्रोमवर खाऱ्या हवेचे डाग किती आहेत, हे दिवसाउजेडी बघा. पावसाळाभर उभी राहिलेली असेल तर बॅटरी बदलायचे पैसे किमतीतून कमी करून मागा.

नवी घेणार असाल तर २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीवरच्या मोटरसायकलींवर ४० टक्के जीएसटी आहे, तो धरून चाला. वर्षातून चारच मोठ्या फेऱ्या होणार असतील तर सुपर मीटिओर ६५० एकदा चालवून पाहा. २४१ किलोची आहे, आणि आमच्याकडे आलेल्या कित्येकांची हौस तिथेच भागली.

तपासणीसाठी रविवारी सकाळी या, तेव्हा गल्ली मोकळी असते. येताना गाडी चालवताना जे बूट रोज घालता तेच घालून या. टाच जमिनीला कशी टेकते ते त्यातच कळतं. मागे जे नेहमी बसणार आहेत त्यांनाही घेऊन या.