इंग्रजीतील संयोजक शब्द व संबंधी उपवाक्ये

दोन वाक्ये किंवा वाक्यांचे तुकडे एकमेकांना जोडणारे शब्द म्हणजे संयोजक. एखाद्या नामाची ओळख पटवण्यासाठी किंवा त्याबद्दल अधिक सांगण्यासाठी त्याच्या मागोमाग येणारे उपवाक्य म्हणजे संबंधी उपवाक्य. मराठी व्याकरणात 'आणि', 'पण', 'म्हणून' ही उभयान्वयी अव्यये आणि 'जो, जी, जे' ही संबंधी सर्वनामे हीच कामे करतात, त्यामुळे इंग्रजी शब्दांचे अर्थ लवकर पाठ होतात. चुका मात्र वर्षानुवर्षे राहतात, कारण त्या अर्थाच्या नसून बांधणीच्या असतात. मराठी वाक्य दोन्ही टोकांना गाठ मारते, इंग्रजी वाक्याला बहुधा एकच गाठ पुरते.

'जर–तर', 'जरी–तरी', 'जेव्हा–तेव्हा', 'जो–तो' या जोड्यांची रीत संस्कृतातही आहे. तिथे 'यः–सः', 'यदा–तदा' अशा जोड्या येतात. ती अंगवळणी पडलेली असल्यामुळे 'ऑल्दो इट वॉज रेनिंग, बट वी वेन्ट आउट' हे वाक्य मराठी कानाला अगदी पूर्ण वाटते. इंग्रजीत 'ऑल्दो' आला की 'बट' गळतो, आणि 'बट' ठेवायचा तर 'ऑल्दो' काढावा लागतो. 'बिकॉज' आणि 'सो' यांचेही तसेच. 'इफ'पुढे 'देन' चालतो, पण तो नसला तरी काही अडत नाही. जोडीनेच येणारे शब्द इंग्रजीत मोजके आहेत : 'आयदर–ऑर', 'नायदर–नॉर', 'बोथ–अँड', 'नॉट ओन्ली–बट ऑल्सो'. त्यांच्या दोन्ही बाजूंना सारख्या घडणीचे शब्द असावे लागतात. एका बाजूला नाम असेल, तर दुसऱ्या बाजूलाही नामच हवे.

सर्वांत चिवट चूक 'अनटिल'ची. 'तो येत नाही तोपर्यंत मी थांबतो' या वाक्यातला 'नाही' मराठीला हवाच असतो. तो तसाच उचलला की 'आय विल वेट अनटिल ही डझन्ट कम' असे वाक्य तयार होते. 'अनटिल'ला फक्त हद्द दाखवायची असते. तो आला की थांबणे संपले, म्हणून 'अनटिल ही कम्स' एवढेच पुरे. 'अनलेस'मध्ये नकार आधीच भरलेला आहे. त्यापुढे आणखी 'नॉट' घातला की अर्थ फिरतो. अशीच एक चूक 'की'मुळे होते. 'त्याने विचारले की तू कुठे होतास' या वाक्यातला 'की' म्हणजे 'दॅट' असे धरून 'ही आस्क्ड दॅट व्हेअर आय वॉज' लिहिले जाते. इथे 'व्हेअर' हाच सांधा आहे, 'दॅट'ला जागा नाही. शिवाय उपवाक्यात प्रश्नाचा शब्दक्रमही उरत नाही : 'व्हेअर वॉज आय' नव्हे, 'व्हेअर आय वॉज'.

दुसरी अडचण शब्दाच्या जातीची. 'बट', 'ऑल्दो', 'हाउएव्हर' आणि 'डिस्पाइट' हे चौघेही विरोधच दाखवतात, पण वाक्यात प्रत्येकाची जागा वेगळी. 'ऑल्दो'नंतर कर्ता आणि क्रियापद असलेले उपवाक्य येते : 'ऑल्दो इट वॉज लेट'. 'डिस्पाइट'नंतर नाम किंवा 'इंग'कारान्त रूप येते : 'डिस्पाइट द डिले'. त्याला 'ऑफ' लागत नाही, 'इन स्पाइट'ला मात्र लागतो. मराठीत 'उशीर असूनही' म्हटले की दोन्ही भागते, म्हणून हा फरक मुद्दाम शिकवावा लागतो. या अर्थाचा 'हाउएव्हर' हे क्रियाविशेषण आहे. नुसत्या स्वल्पविरामाच्या आधाराने तो दोन स्वतंत्र वाक्ये जोडू शकत नाही. त्याच्या आधी पूर्णविराम किंवा अर्धविराम लागतो. 'देअरफोर' आणि 'मोरओव्हर' यांनाही हाच नियम. अर्थांच्या यादीत या शब्दांपुढे नुसते 'तथापि', 'म्हणून', 'शिवाय' लिहून दिले जाते आणि जात सांगितलीच जात नाही. विद्यार्थ्याचे खरे नुकसान तिथे होते.

संबंधी उपवाक्यात मराठीची जोडी आणखी ठळक दिसते. 'जे पुस्तक मी काल घेतले ते हरवले' यात पुस्तकाचा उल्लेख दोनदा होतो, एकदा 'जे पुस्तक' म्हणून आणि पुन्हा 'ते' म्हणून. इंग्रजीत 'द बुक दॅट आय बॉट' म्हटल्यावर 'बॉट'पुढची कर्माची जागा रिकामीच ठेवायची असते. ती भरून 'द बुक दॅट आय बॉट इट' म्हटले की वाक्य बिघडते. कर्माच्या जागी असलेला 'दॅट' गाळताही येतो : 'द बुक आय बॉट'. कर्त्याच्या जागचा गाळता येत नाही.

'हू', 'व्हिच', 'हूज' हे मुळात प्रश्नार्थक शब्द. संबंधी म्हणून त्यांचा वापर मध्ययुगीन इंग्रजीत रुळला. त्याआधी प्राचीन इंग्रजीत 'थे' हे रूप न बदलणारे अव्यय हे काम करी. माणसांना 'हू' आणि वस्तूंना 'व्हिच' ही वाटणीही पुढे पक्की झाली. 1611 च्या बायबलमधील प्रार्थनेत 'आवर फादर व्हिच आर्ट इन हेवन' असेच शब्द आहेत. 'हूज' मात्र वस्तूंनाही चालतो, हे अनेकांना पटत नाही. 'अ हाउस हूज रूफ लीक्स' हे निर्दोष इंग्रजी आहे.

स्वल्पविराम इथे अर्थच बदलतो. 'माय ब्रदर हू इज अ डॉक्टर' म्हटले तर भाऊ अनेक आहेत आणि त्यांपैकी डॉक्टर असलेल्याबद्दल बोलणे चालले आहे. 'ब्रदर'नंतर स्वल्पविराम दिला, की भाऊ कोण हे आधीच ठरलेले असते आणि डॉक्टर असणे ही जादा माहिती होते. अशा स्वल्पविरामानंतर 'दॅट' वापरत नाहीत. ओळख पटवणाऱ्या उपवाक्याला 'दॅट' आणि जादा माहितीला 'व्हिच' अशी वाटणी करावी, असे कोशकार फाउलर यांनी इंग्रजीच्या वापरावरील 1926 च्या आपल्या कोशात सुचवले. अमेरिकी संपादकांनी ती बरीचशी उचलली. ब्रिटिश लेखनात ओळख पटवायलाही 'व्हिच' सर्रास येतो आणि तो चूक मानला जात नाही.

'व्हिच' कधी कधी अख्ख्या वाक्याकडेही बोट दाखवतो : 'शी केम अर्ली, व्हिच सरप्राइज्ड मी'. आश्चर्य तिच्या लवकर येण्याचे आहे. तेव्हा स्वल्पविराम लागतोच. 'हूम' बोलण्यातून जवळजवळ गेला आहे, पण प्रीपोझिशन ('टू', 'विथ' यांसारखा नामाआधी येणारा संबंधदर्शक शब्द) त्याच्या आधी आले तर तो टाळता येत नाही : 'द मॅन टू हूम आय स्पोक'. तेच प्रीपोझिशन शेवटी नेले की 'द मॅन आय स्पोक टू' एवढ्यावर भागते, आणि रोजच्या बोलण्यात हेच ऐकू येते.