पार्श्वभूमी: पाणथळ जागांसाठी शहर किती पैसे देईल?

खाडीकाठची पाणथळ जागा राखायला तुमचं कुटुंब महिन्याला किती जादा पैसे देईल? असं घरोघरी विचारायचं आणि उत्तरांवरून त्या जागेचं मोल काढायचं, ही पद्धत अमेरिकेतून आली. १९६०च्या दशकात तिथे जंगलात फिरायला येणाऱ्यांना असे प्रश्न विचारले गेले. ती खरी गाजली १९८९ मध्ये अलास्काच्या किनाऱ्यावर तेलवाहू जहाज फुटल्यावर. जो किनारा लोकांनी कधी पाहिलाही नाही, त्याच्या नुकसानीची भरपाई अशा तोंडी उत्तरांवरून ठरवायची का, यावरून अर्थतज्ज्ञांत जुंपली.

त्यावर नेमलेल्या तज्ज्ञ समितीने १९९३ मध्ये पद्धतीला मान्यता दिली, पण अटी घातल्या. मुलाखत शक्यतो समोरासमोर घ्यावी, एक रक्कम सांगून मतदानासारखं ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढंच उत्तर घ्यावं. आणि विचारावं ते ‘किती द्याल’ हे. ‘ही जागा गेली तर किती भरपाई घ्याल’ हे नव्हे. कारण दिलं सावधगिरीचं: भरपाई विचारली की लोक आकडा फुगवतात.

पुढचा सगळा गुंता या शेवटच्या अटीत आहे. ‘किती द्याल’ या प्रश्नात जागा आधीच दुसऱ्याची धरलेली असते आणि नागरिकाने ती पैसे मोजून सोडवायची असते. देण्याची ऐपत जेवढी, तेवढंच उत्तर येणार. खाडीत जाळं टाकून पोट भरणारा कोळी पाचशे रुपये देऊ शकत नाही, म्हणून त्याच्या लेखी खाडीचं मोल कमी असं कसं म्हणता येईल? वहिवाट त्याची असेल, तर त्याला भरपाईचाच प्रश्न विचारायला हवा. समितीची सावधगिरी न्यायालयातल्या दाव्यापुरती समजण्यासारखी होती. पुढे तोच शिरस्ता पडला, हे मात्र चुकलं.

मुंबईत १९९०च्या दशकात बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानासाठी अशी पाहणी झाली. उत्तर आलं कुटुंबामागे महिन्याला साडेसात रुपये. आकडा किरकोळ वाटतो, पण शहरभराची बेरीज उद्यानाच्या तेव्हाच्या खर्चाच्या कितीतरी पट होती.

पाणथळींचं संरक्षण मात्र या आकड्यांवर ठरलं नाही. २०१७च्या केंद्रीय नियमांनी मिठागरं आणि पिण्याच्या पाण्यासाठी बांधलेले तलाव व्याख्येतूनच वगळले. ठाणे खाडीला २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्याचा आणि २०२२ मध्ये रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला, पण आसपासची तळी हद्दीबाहेर राहिली. नवी मुंबईतल्या सीवूड्सचं डीपीएस तळं त्यातलंच. भरतीचं पाणी आत येण्याच्या वाटा बुजल्या, तळं सुकलं, २०२४ मध्ये तिथे फ्लेमिंगो मेले. रहिवाशांनी पाठपुरावा सोडला नाही, आणि २०२५ मध्ये ते संवर्धन राखीव, म्हणजे कायद्याने संरक्षित क्षेत्र, करायला राज्याच्या पातळीवर मंजुरी मिळाली. त्यांनी घातलेला वेळ कोणत्याही पाहणीत रुपयांत धरलेला नाही.

भरपाईचा प्रश्न खरोखर विचारला गेला तो उरणमध्ये, तोही पर्यावरणाचे दावे ऐकणाऱ्या राष्ट्रीय हरित लवादापुढे. भराव आणि बंदराच्या कामांनी भरती-ओहोटीच्या वाटा अडल्या, मासळी गेली, म्हणून २०१५ मध्ये १,६३० मच्छीमार कुटुंबांना ९५ कोटींहून अधिक भरपाई देण्याचा आदेश झाला. म्हणजे कुटुंबामागे साधारण ५ लाख ८४ हजार रुपये.