चिप बोर्डवरच वाचायची की काढून?

बायोस, म्हणजे लॅपटॉप चालू करणारा मूळ प्रोग्राम, अपडेट होत असताना लाइट गेली, बॅटरी कधीचीच मेलेली, आणि आता बटण दाबलं की पंखा फिरतो पण स्क्रीन काळीच. मित्रमंडळींकडून असा लॅपटॉप वर्षातून एक-दोनदा तरी माझ्या टेबलावर येतो. बायोस राहतो एका आठ पायांच्या फ्लॅश चिपमध्ये, जेमतेम करंगळीच्या नखाएवढी, त्यात ८ नाहीतर १६ एमबी. नेटवरून फाइल उतरवून भरून टाकू म्हणाल तर थांबा, कारण त्या चिपमध्ये नुसता बायोस नसतो, त्या मशीनचा सिरियल नंबर असतो, बहुतेकदा विंडोजची लायसन्स की असते, काही मशीनमध्ये नेटवर्कचा मॅक अॅड्रेसही. म्हणून आधी आहे ते जसंच्या तसं वाचून ठेवायचं आणि मगच लिहायचं.

वाचायचे रस्ते दोन. एक म्हणजे चिप बोर्डवरच ठेवून तिच्या पायांना चिमट्यासारखी क्लिप लावायची, दुसरा म्हणजे हॉट एअरने, म्हणजे गरम हवेच्या झोताने सोल्डर वितळवून, चिप उचलायची आणि प्रोग्रामरच्या, म्हणजे चिप वाचायच्या-लिहायच्या यंत्राच्या, सॉकेटमध्ये बसवायची. क्लिप पुण्याच्या तपकीर गल्लीत काहीशे रुपयांत मिळते आणि सोल्डरिंग टाळायला मिळतं म्हटल्यावर सगळे आधी तीच घेतात. मीपण घेतली.

गोची अशी की चिप बोर्डवर एकटी राहत नाही. तिच्या आठव्या पायाला आपण ३.३ व्होल्ट देतो, पण तो पाय बोर्डच्या ३.३ च्या लाइनला जोडलेला, आणि त्या लाइनवर अजून डझनभर जण बसलेत. म्हणजे एका बिऱ्हाडाला दिवा द्यायला वायर टाकली आणि अख्ख्या चाळीने त्यावर पंखे लावले. प्रोग्रामरचा बिचारा छोटा रेग्युलेटर (व्होल्टेज ठरावीक ठेवणारा भाग), तो पुरणार कुठे, व्होल्टेज खाली येतं, आणि या जातीच्या बऱ्याच चिपना निदान २.७ व्होल्ट तरी लागतात, त्याच्या खाली गेलं की ती काहीही बरळते किंवा गप्पच बसते. त्यात वर तेवढ्या करंटवर बोर्डचा कारभार बघणारा चिपसेट अर्धवट जागा होतो आणि स्वतःच चिप वाचायला लागतो, त्याच क्लॉकच्या आणि डेटाच्या लाइनवर! एकाच फोनवर दोघं एकदम बोलल्यावर ऐकणाऱ्याला काय कळणार?

कधीकधी हे लगेच लक्षात येतं. चिपचा आयडी विचारला की विनबॉन्ड कंपनीच्या ८ एमबीवालीने ईएफ ४० १७ म्हणायला हवं, त्याऐवजी सगळे एफएफ नाहीतर सगळी शून्यं आली तर क्लिप हललीय किंवा पॉवर मिळत नाहीये. खरा धोका आहे आयडी बरोबर येतो आणि डेटा चुकतो तेव्हा. ८ एमबी म्हणजे ८३,८८,६०८ बाइट, त्यातले पाच-पन्नास बिघडले तर नुसत्या डोळ्यांना दिसणार नाहीत. म्हणून दोनदा-तीनदा वाचून फाइली ताडून बघा असं सगळे सांगतात आणि ते बरोबरच आहे, पण माझा त्यावर पूर्ण भरवसा नाही. गडबड दरवेळी तशीच होत असेल तर तिन्ही फाइली एकसारख्या येतात, आणि तिन्ही चुकीच्या असतात. मी फाइल उघडून आत बघतोच. इंटेलच्या अलीकडच्या मशीनमध्ये पहिले सोळा बाइट सोडले की ५ए ए५ एफ० ०एफ ही खूण दिसायला हवी. ती नसेल तर आधी क्लिपवर संशय घ्यायचा.

चिप न काढता थोडीफार सुधारणा होते. वायरी वीतभरापेक्षा लांब नकोत. बॅटरी काढलेली हवी. काही जण फक्त आठवा पाय हलकेच वर उचलतात म्हणजे चाळीची वायर तुटते, आयडिया भारी आहे पण पाय मोडला की रडायची वेळ.

आणि तो काळा स्वस्तातला सीएच३४१ए प्रोग्रामर. त्याच्या बऱ्याच बोर्डांवर चिपला पॉवर ३.३ ची जाते पण डेटाच्या लाइनवर ५ व्होल्ट येतात. सॉकेटमध्ये मेली तर एक चिप मेली, पण क्लिप लावलेली असेल तर तेच ५ व्होल्ट चिपसेटच्या पायांवर. डेटालाही ३.३ च येतील असा मॉडिफाय केल्याशिवाय मी तो बोर्डला लावत नाही. १.८ व्होल्टवाली चिप असेल तर वेगळा अडॅप्टर लागतोच, चिपवरचा नंबर वाचा आधी.

मग चिप काढायची का? हात बसलेला असेल तर हो, मला तेच बरं वाटतं. लेड-फ्री सोल्डर साधारण २१७ डिग्रीला वितळतं, त्यात जुनं शिशाचं सोल्डर मिसळलं की अजून लवकर, भरपूर फ्लक्स (सोल्डर नीट वितळून वाहावं म्हणून लावायचा पदार्थ) आणि घाई अजिबात नाही. सोल्डर वितळायच्या आधी ओढलं की खालचा पॅड, म्हणजे पाय चिकटलेला बोर्डचा तांब्याचा तुकडा, सोबत निघून येतो. चिपची काळजी फार नको, ती फॅक्टरीत अशाच आचेतून गेलेली असते.

फोनमधले फोटो-डेटा साठवणाऱ्या नँड मेमरीला मात्र ही आच बाधू शकते. त्यातला डेटा म्हणजे कोंडून ठेवलेले इलेक्ट्रॉन, आणि वापरून झिजलेल्या सेलमधून ते तापवल्यावर जास्त झिरपतात, माठासारखे. तरीही २०१६ मध्ये केंब्रिजच्या सर्गेई स्कोरोबोगातोव्ह यांनी आयफोन ५सीची मेमरी काढून तिची कॉपी केली, आणि चुकीचे पासकोड टाकून झाले की मूळ डेटा परत भरून पुन्हा प्रयत्न करता येतात हे दाखवलं. चार आकडी पासकोडचे सगळे पर्याय दोन दिवसांच्या आत तपासून होतील असा त्यांचा हिशोब होता. पण हे सगळं करताना फोनचा प्रोसेसर जागेवरच होता बरं का, कारण डेटा उलगडायची चावी त्याच्यात गुंतलेली. नुसती चिप सॉकेटमध्ये टाकली असती तर हाती फक्त कचरा लागला असता. त्यामुळे आता पाण्यात पडून बोर्ड मेलेल्या फोनमधले फोटो काढायचे असतील तर रिकव्हरीवाले मेमरी आणि प्रोसेसर दोन्ही उचलतात आणि दुसऱ्या चालू बोर्डवर जोडीने बसवतात.