मीटर बारा व्होल्ट दाखवतो, तरी रेडिएटरचा फॅन का रेंगाळतो?

मे महिन्यात म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजाराकडे गेलात, तर बॉनेट उघडून रस्त्याकडेला उभी असलेली एखादी तरी गाडी दिसते. भोवती जमलेल्यांचं निदानही ठरलेलं असतं : उकाडाच एवढा आहे, गाडी तापणारच. हे निदान चुकीचं आहे. आपल्याकडचा, म्हणजे गोव्यातला, उकाडा फार तर ३५ अंशांचा. इंजिनातून फिरणारं कुलंट, म्हणजे त्याला थंड ठेवणारा द्रव, ९० अंशांच्या आसपास असतं, म्हणजे बाहेरची हवा त्याच्यापेक्षा ५५ अंशांनी थंडच. विदर्भात पारा ४५ वर जातो, तिथेही धडधाकट गाड्या न तापता धावतात.

अडतं ते हवा वाहण्यापाशी. मोकळ्या रस्त्यावर वेगात जाताना वारा आपसूक रेडिएटरमधून जातो, फॅनचं काम जवळजवळ नसतंच. गाडी कोंडीत अडकली की सगळी भिस्त विजेच्या फॅनवर. त्यामुळे हमरस्त्यावर तापमानाचा काटा जागेवर राहतो आणि पर्वरीच्या कोंडीत वर सरकतो, अशी तक्रार असेल तर आधी फॅनकडे बघावं. 'थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत कुलंट रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप) काढून टाका' हा सल्ला हमखास मिळतो, तो मानू नये. इंजिन गरम व्हायला वेळ लागतो, इंधन जास्त जळतं आणि फॅनचा दोष होता तिथेच राहतो.

फॅनचं सर्किट तसं सरळ आहे. कुलंट तापलं की सेन्सरचा रोध घटतो, ईसीयू (इंजिनाचा छोटा संगणक) ते ओळखून रिले, म्हणजे विजेवर चालणारा स्विच, ओढतो, आणि बॅटरीतून फ्यूज, रिले, मोटर, बॉडी अर्थ (गाडीच्या पत्र्यातून बॅटरीच्या निगेटिव्हकडे परतीची वाट) अशा वाटेने वीज वाहू लागते. बहुतेक गाड्यांत एसी लावला की हाच फॅन फिरायला लागतो. एसीवर जोरात फिरतो आणि इंजिन तापल्यावर फिरत नाही, तर मोटर ठीक आहे. सेन्सर आणि त्याच्या तारा तपासाव्यात. कशानेच फिरत नसेल तर फ्यूज आणि रिले. इथवर कुठलाही ऑटो इलेक्ट्रिशियन सहज पोचतो.

खरी फसवणूक होते ती फॅन फिरतो, पण रेंगाळत फिरतो तेव्हा. आमच्या शेजाऱ्यांच्या गाडीचं असंच झालं. गॅरेजमध्ये मोटरचा प्लग काढून त्यात व्होल्ट मोजणाऱ्या मीटरच्या पिना खुपसल्या, मीटरने १२ व्होल्ट दाखवले. वीज येते आहे, म्हणजे मोटर गेली, असं ठरलं. नवी मोटर बसली, आणि पुढच्या कोंडीत गाडी पुन्हा तापली.

मीटर खोटं बोलला नव्हता, तो विचारलेल्या प्रश्नाचंच उत्तर देत होता. गच्चीवरच्या टाकीतून येणारा पाइप गाळाने अर्धा बुजला असेल, तरी नळ बंद असताना पाण्याचा दाब पुरेपूर असतो. नळ सोडला की धार बारीक होते. विजेचंही तसंच. जॉर्ज ओम यांनी १८२७ साली मांडलेला नियम शाळेत आपण सगळेच शिकलो : व्होल्टेज म्हणजे प्रवाह गुणिले रोध. फॅनची मोटर समजा २० अँपिअर ओढते, म्हणजे हिशेबापुरता तिचा रोध ०.६ ओहम. (फिरती मोटर हा साधा रोध नसतो, पण मुद्दा कळायला एवढं पुरे.) आता अर्थच्या बोल्टाखाली गंज साचून तिथेही ०.६ ओहम आले. एकूण १.२ ओहम, प्रवाह १० अँपिअर. मोटरला मिळतात ६ व्होल्ट, उरलेले ६ गंजात जातात. मोटरची शक्ती २४० वॉटवरून ६० वर येते, आणि तेवढेच ६० वॉट त्या चिमुकल्या जोडावर उष्णता होऊन बाहेर पडतात. जवळचं प्लास्टिक वितळतं ते यामुळे.

पण प्लग काढल्यावर या वाटेत उरतो फक्त मीटर. त्याचा स्वतःचा रोध साधारण १ कोटी ओहम, म्हणून प्रवाह जेमतेम एक मायक्रोअँपिअर. एवढ्याशा प्रवाहाने ०.६ ओहमवर व्होल्टचा दहा लाखांवा भागही पडत नाही. मीटर पूर्ण बारा दाखवणारच. तार तुटलेली नाही हे सांगणारा मीटरचा कंटिन्युइटीचा 'बीप'ही इथे कुचकामी : काही ओहमांपर्यंत तो खुशाल वाजतो.

म्हणून मोजायचं ते प्लग लावलेला आणि फॅन चालू असताना. मीटरची एक पिन मोटरच्या अर्थच्या टर्मिनलवर, दुसरी थेट बॅटरीच्या निगेटिव्हवर. निरोगी जोडावर ०.१-०.२ व्होल्ट दिसतात. दोन-चार व्होल्ट दिसले, की चोर सापडला. (हात आणि बाह्या पात्यांपासून लांब ठेवा, इंजिन बंद असतानाही हा फॅन अचानक सुरू होऊ शकतो.) मीटर नसेल तर जुने इलेक्ट्रिशियन मोटरच्या प्लगला हेडलाइटचा ६० वॉटचा बल्ब लावतात. तो पाच अँपिअर ओढू बघतो, आणि वाट खराब असेल तर मंद जळतो. इवलासा टेस्टलॅम्प अशा वेळी फसवतो.

शेजाऱ्यांच्या गाडीत अर्थचा बोल्ट उघडला, तर लगच्या (तारेच्या टोकाच्या धातूच्या कडीच्या) खाली तपकिरी भुगा आणि तारेच्या टोकाला हिरवट थर. गोव्यात हे वारंवार घडतं, कारण वाऱ्यात समुद्राचं मीठ आणि वर चार महिन्यांचा पाऊस. खारट ओलाव्यात तांबं आणि पोलाद एकमेकांना टेकले की बारीकशी बॅटरीच तयार होते, आणि त्यात पोलाद झिजतं. गंज विजेचा चांगला वाहक नाही. बंपरला लिंबू-मिरची बांधणाऱ्यांची गाडीविषयीची काळजी मला समजते, पण दृष्ट लागल्याने गाडी तापत नाही. त्या काळजीपोटी पावसाळ्याआधी हा बोल्ट उघडून बघितला, तर गाडीला खरंच उपयोग होईल.

बॅटरीची निगेटिव्ह तार सोडून लग आणि पत्रा सँडपेपरने चकचकीत घासा, बोल्ट आवळा, वरून पेट्रोलियम जेली लावा. तार जोडून पुन्हा त्याच दोन जागी मोजा. आकडा उतरला नाही तर तारेच्या आतच हिरवं शिरलं असेल; तेवढी तार कापून नवी टाकावी लागते. आकडा उतरला आणि फॅन तरीही रेंगाळला, तर बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून मोटरच्या दुसऱ्या टर्मिनलपर्यंत हेच मोजा. तिथे बहुधा रिलेचे जळके संपर्क सापडतात.