फुगवलेला सांता आणि अभिव्यक्तिस्वातंत्र्य: एक खुलासा

अमेरिकेत घर घेतलेल्या आपल्या मराठी मंडळींमध्येही एक समज वर्षानुवर्षे फिरत आला आहे: अंगण माझे, म्हणून त्यात हवा भरून उभा केलेला सांता हा माझा घटनादत्त अभिव्यक्तीचा हक्क, आणि होमओनर्स असोसिएशनला (वसाहतीतील घरमालकांच्या संघटनेला) तो काढायला सांगता येत नाही. हे खरे नाही. अभिव्यक्तिस्वातंत्र्याची हमी देणारी अमेरिकी घटनेची पहिली घटनादुरुस्ती सरकारचे हात बांधते. असोसिएशन ही खासगी संस्था असून तिची नियमावली घर घेतानाच बंधनकारक होते. (ते जाडजूड दस्त किती जण वाचतात, हा भाग वेगळा.)

गोंधळाचे मूळ बहुधा मिसूरीतील लडू गावच्या (उच्चार आपल्या लाडवाजवळचा) 1994 च्या खटल्यात असावे. तेथे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने घरांपुढील पाट्यांवरची बंदी रद्द केली. पण ती बंदी नगरपालिकेची होती. उलट, न्यू जर्सीतील ट्विन रिव्हर्स वसाहतीच्या खटल्यात 2007 मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने असोसिएशनचे पाट्यांविषयीचे निर्बंध उचलून धरले, मात्र अवाजवी निर्बंधांविरुद्ध दाद मागण्याची वाट मोकळी ठेवली. संघराज्याचा 2006 मध्ये संमत झालेला कायदा असोसिएशनपासून संरक्षण देतो ते राष्ट्रध्वजाला, सांताला नव्हे.

असोसिएशन नसेल, तरी नगरपालिका उरतेच. तिचा रोख सहसा जागेवर असतो: कोपऱ्यावरचा आठ फुटी सांता वळणाऱ्या चालकाची नजर अडवतो का, हवा भरणाऱ्या पंख्याची वायर फुटपाथवरून गेली आहे का. दिवसा पंखा बंद केल्यावर गवतावर ओल्या चादरीसारखा पसरलेला सांता शेजाऱ्यांच्या डोळ्यांत कितीही खुपला, तरी तो प्रश्न निराळा.